आई, नाना आणि विश्वाची सुरुवात

लग्न होऊन शहाद्याला आले त्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला चहाला समोर बसवून विचारलं, "तू एम.एस्सी. फिजिक्स. आता मला सांग, हे विश्व कोणी निर्माण केलं?"

मी माहेरची नाशिकची. सासरी काय काय विचारतात याची तयारी माझ्या आईने करून दिली होती, पण ती पुरणपोळी आणि सणवार इथपर्यंतच. सासूबाई शेजारी पाटावर बसून वाती वळत होत्या. त्यांचेही हात थांबले.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे देवाने नाही, बरोबर?"

"तेही माहीत नाही, नाना."

नानांचा चेहरा पडला. सासूबाई मात्र खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "हाई पोर बरी शे. खोटं नही बोलस." त्या दिवसापासून मी त्यांना आई म्हणू लागले आणि त्या दिवसापासूनच या घरातला एक जुना वाद माझ्या गळ्यात पडला.

नाना साखर कारखान्यात केमिस्ट होते. सगळी नोकरी पुरुषोत्तमनगरला, लॅबमध्ये. उसाच्या रसात साखर किती, पाक कितपत दाट झाला, हे पाहण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर शहाद्यात घर बांधलं आणि फोनवर विश्वाच्या उत्पत्तीचे व्हिडिओ बघायला लागले. हिंदीत असो, इंग्रजीत असो, दुपारी जेवण झालं की कानात वायर घालून बसत. आई तापीकाठच्या गावातल्या, केळीच्या आणि उसाच्या घरात वाढलेल्या. पहाटे आंघोळ, पूजा, मग चूल. आता चुलीच्या जागी गॅस आला होता, पण क्रम तोच.

दोघं एकमेकांशी अहिराणीत बोलत. नानांना विज्ञानाचं काही सांगायचं झालं की मात्र ते शाळेतल्या मराठीवर येत, जणू अंगात कोट चढवल्यासारखे. पूजा चालू असताना ते दारात उभे राहून म्हणत, "विज्ञानाने सिद्ध केलेलं आहे. विश्व एका बिंदूतून आपोआप निर्माण झालं. देवाला कामच उरलेलं नाही."

आई घंटा वाजवून घ्यायच्या, मग म्हणायच्या, "मंग बठा ना. त्याले काम नही, तुम्हले काम नही. दोन्ही बठा."

या वादात मी पंच. नाना मला हाक मारत, "तू सांग गं हिला." मी ज्युनियर कॉलेजला अकरावी-बारावीला शिकवायला लागले होते, त्यामुळे घरात माझ्या शब्दाला थोडं वजन होतं. पण मी नानांना हवं ते कधी देऊ शकले नाही. मी सांगायचे की विश्व फार पूर्वी अतिशय तापलेलं आणि दाट होतं, तिथून ते पसरत आणि थंड होत आलं, याचे पुरावे भक्कम आहेत. त्या काळचा उजेड आजही आकाशात सगळीकडून येतो आहे, तो मोजता येतो. पण त्याच्याही मागे जायला लागलो की आपली समीकरणं हात टेकतात. त्याआधी काय होतं, 'आधी' या शब्दाला तिथे अर्थ तरी आहे का, हे अजून कोणाला कळलेलं नाही. आणि हे सगळं मुळात आहे तरी का, या प्रश्नावर कुठल्या प्रयोगशाळेत बोट ठेवायचं, हेही मला माहीत नाही.

"तू घाबरतेस," नाना म्हणायचे. "सासूला दुखवायला घाबरतेस."

मी घाबरत नव्हते. खरंच मला माहीत नव्हतं. पण हे त्यांना पटायचं नाही. ज्या माणसाने जन्मभर आकडा लिहून खाली सही केली, त्याला 'माहीत नाही' हे उत्तर अर्धवट काम वाटणारच.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आईंच्या पायांवर सूज आली. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. शहाद्याच्या डॉक्टरांनी सुरतला न्यायला सांगितलं. नवरा गाडी चालवत होता, मी मागे आईंचं डोकं मांडीवर घेऊन, नाना पुढे. नवापूर मागे पडलं. मग नानांनी मागे वळून विचारलं, "पानी पेस का?" आईंनी मान हलवली. त्यानंतर सुरत येईपर्यंत ते दर थोड्या वेळाने तेवढंच विचारत राहिले.

दवाखान्यात तपासण्या चालू होत्या तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. मध्येच माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलत आहेत. मी कोणाला तरी काहीतरी म्हणत होते. कोणाला, ते आजही सांगता येणार नाही. माझ्या शेजारी नाना होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्यांनी त्या दिवशी मला चिडवलं नाही, हे मी विसरलेले नाही.

हृदय थकलं आहे, एवढंच निदान झालं. गोळ्या, कमी पाणी, कमी मीठ, आणि पडून राहायचं. घरी आणल्यावर आम्ही आईंचा पलंग देवघरासमोरच्या खोलीत लावला, म्हणजे त्यांना पडल्या पडल्या देव दिसतील. प्रश्न पूजेचा होता. मी सकाळी सातला कॉलेजला निघायचे. नवरा नंदुरबारला नोकरीला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तर नाना आंघोळ करून, ओल्या केसांनी, देवघरासमोर उभे.

"बोल, पहिलं काय करानं?" त्यांनी आईंना विचारलं.

आई उशीवरून पाहतच राहिल्या. नानांनी घाईघाईने सांगून टाकलं, "मी तुन्हाकरता करस. देवाकरता नही."

"देवले चालस," आई म्हणाल्या.

त्यानंतर रोज सकाळी आमच्या घरात एक वेगळीच पूजा व्हायला लागली. नाना देव धुवायचे ते लॅबमधली काचेची भांडी धुतल्यासारखे, एकेक उजेडाकडे धरून, डाग राहिला का बघत. पंचपात्रीतलं पाणी पळीने घेताना वाकून पातळी बघायचे. आई पलंगावरून सूचना द्यायच्या. "बाळकृष्णले तथा नका ठेवू, त्यानं तोंड भिंतकडे व्हयी गयं." "हळद पयले, मंग कुंकू." नाना चिडायचे, पण चुकलेलं नीट करायचे. पूजेला आईंना लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागायचा आणि तो सगळा वेळ आई त्यांच्याकडे बघत असायच्या. देवाकडे फारसं नाही.

मग एका दुपारी उलटं झालं. नाना कानात वायर घालून बसले होते. आई म्हणाल्या, "ते कानमातलं काढा आनि माले सांगा. रोज काय आयकतस तुम्ही?"

"तुले कसाले पाहिजे?"

"मी तुमनं पूजामा चुका काढस. तुमी मन्हा काढा."

रविवार होता, मी घरीच कोथिंबीर निवडत होते. नानांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. बराच वेळ सुरुवात कुठून करावी ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी कारखान्याचं उदाहरण घेतलं. सुरुवातीला सगळं विश्व तापलेल्या पाकासारखं होतं, म्हणाले. इकडे तिकडे सगळीकडे सारखं. ना तारे, ना पृथ्वी, ना तापी. मग ते थंड होत गेलं आणि पाकात साखरेचे दाणे धरावेत तसे जागोजागी गोळे धरले. तेच तारे, त्याच आकाशगंगा. ते बोलत होते आणि त्यांचा हात हवेत पाक ढवळत होता. मी इतकी वर्षं शिकवते, पण विश्व मला कधी असं उकळताना दिसलं नव्हतं.

आईंनी लक्ष देऊन ऐकलं. कारखान्याच्या वसाहतीत त्यांचंही आयुष्य गेलं होतं. पाकात दाणा धरायला आधी बारीक साखरेचं बी सोडावं लागतं, हे तिथल्या प्रत्येक घरात माहीत असतं. त्यांनी विचारलं, "मंग बी कोनी टाकं?"

नानांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला कळलं की त्यांना वाटतंय, आपण हरलो.

"त्याचं उत्तर आहे, आई," मी म्हणाले. "कोणी टाकावं लागलं नाही. अगदी सुरुवातीला तो पाक पूर्ण सारखा नव्हताच. त्यात इतके बारीक चढउतार होते की डोळ्याला दिसू नयेत. तेच बी झालं. आकाशातून जो जुना उजेड येतो त्यात त्या चढउतारांच्या खुणा माणसांनी मोजल्या आहेत."

नानांनी सुटकेचा श्वास टाकला. मी आईंकडे पाहिलं, त्या खट्टू झाल्या असतील म्हणून. त्या तर खूश दिसत होत्या. "बरं शे," त्या म्हणाल्या. "किती बारीक देखं वं मानसंनी!" आणि मग माझा चेहरा बघून पुढे म्हणाल्या, "मी देवले जिताडाकरता नही इचारं. माले पुढनं आयकानं व्हतं." देवाला जिंकवायचं नव्हतंच त्यांना, पुढची गोष्ट हवी होती.

त्यानंतर दुपारच्या त्या गोष्टी रोजच्याच झाल्या. मी कॉलेजहून आले की खोलीतून नानांचा आवाज यायचा. सूर्य कसा पेटला. लोखंड कुठून आलं. आईंना लोखंडाची गोष्ट फार आवडली. आपल्या रक्तातलं लोखंड एखाद्या मरून गेलेल्या ताऱ्यात तयार झालेलं असतं हे कळल्यावर त्यांनी सुरतच्या डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांची पट्टी हातात घेतली आणि विचारलं, यामातलं बी का? नानांनी गंभीरपणे सांगितलं, यामातलं बी. वाद संपले होते असं मात्र नाही. "हे आपोआप झालं," असं नानांनी म्हटलं की आई "व्हयनं व्हई", झालं असेल, म्हणून हात जोडायच्या आणि नाना वैतागायचे. पण त्या वैतागाला आता धार नव्हती.

थंडी सुरू झाली, रस्त्यावर उसाच्या गाड्या दिसायला लागल्या, तेव्हा आई गेल्या. दुपारची वेळ होती. नाना त्यांना सूर्याचं पुढे काय होणार ते सांगत होते. तो फुगेल, लाल होईल, मग विझत जाईल. आई म्हणाल्या, "मंग?" नाना पुढचं सांगत राहिले. पांढरा ठिपका उरेल, तो हळूहळू निवेल, फार काळ लागेल त्याला. आपण किती वेळ एकटेच बोलत होतो ते त्यांना कळलं नाही. मी घरी पोचले तेव्हा ते आईंचा हात हातात घेऊन बसले होते आणि म्हणाले, "मला वाटलं, ऐकते आहे."

अस्थी तापीकाठच्या प्रकाशा गावी नेल्या. नाना तापीच्या पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरले, गुरुजींनी सांगितलं ते सगळं केलं, एकदाही हुज्जत घातली नाही. मला त्याचीच भीती वाटली. त्यांनी काहीतरी टोचून बोलावं म्हणून मी मनातून वाट बघत होते.

तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी अंगणात प्रवचन ठेवलं होतं. ते आईंच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मामांनी ठरवलं होतं. मामा केळीचे बागायतदार, मनाने मऊ, बहिणीवर फार जीव. महाराज चांगलं बोलत होते. बोलता बोलता ते विज्ञानावर आले. आजचं भौतिकशास्त्रच सांगतं, म्हणाले, की ऊर्जा कधी नष्ट होत नाही. मग आत्मा कसा नष्ट होईल? आणि विश्वाला सुरुवात आहे हे शास्त्रज्ञांनीच मान्य केलं, तर सुरुवात करणारा असलाच पाहिजे. "या घरात तर फिजिक्सच्या मॅडम आहेत. काय मॅडम, बरोबर ना?"

अंगणातल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला दिसले फक्त नाना. ते पुढच्या सतरंजीवर बसले होते. इतकी वर्षं असं कोणी बोललं असतं तर ते उठून उभे राहिले असते. आता ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. हो म्हण, अशी.

मी हात जोडले. "महाराज, आज मी सून म्हणून बसले आहे," एवढंच म्हणाले. महाराजांनी समजून घेतलं आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची गर्दी व्हायच्या आधी, सकाळी, नाना स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले.

"काल तू उत्तर दिलं नाहीस."

"काय सांगू, नाना?"

"जे असेल ते. मी लॅबचा माणूस आहे. ऊर्जा नष्ट होत नाही, हे तर मीच लॅबमधल्या नव्या पोरांना शिकवलं. मग ती..."

मी गॅस बंद केला. खोटं बोलणं फार सोपं होतं. एक 'हो' म्हटलं असतं तर त्या माणसाला त्या दिवशी दोन घास गेले असते. पण उद्या ते स्वतःच ते उत्तर तपासायला बसले असते, आणि त्यांना ते टिकताना दिसलं नसतं, आणि मग मी नसते, आई नसत्या, कोणीच नसतं त्यांच्याजवळ.

"आईंच्या अंगात जी ऊब होती ती कुठेच गेलेली नाही," मी म्हणाले. "थोडी खोलीत पसरली, थोडी चितेतून हवेत गेली. हिशोब पूर्ण लागतो. पण तो हिशोब उबेचा आहे, नाना. त्यात आईंचं नाव नाही. आई कुठे आहेत, आहेत की नाहीत, हे त्या नियमाला विचारताच येत नाही. महाराज म्हणाले ते त्यातून निघत नाही."

त्यांनी मान खाली घातली.

"आणि तुम्ही म्हणत होता तेही निघत नाही," मी म्हणाले. "देव नाही, पलीकडे काही नाही, हेही भौतिकशास्त्राने कुठे सिद्ध केलेलं नाही. विश्व कसं कसं होत आलं, एवढं ते सांगतं. फार सुंदर सांगतं. त्याच्यापुढे ते गप्प बसतं."

"म्हणजे ते माझ्याही बाजूचं नव्हतं."

"नव्हतं."

नाना खाली पाटावर बसले आणि रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी त्यांच्याजवळ बसले. आमच्यात सासरा-सुनेचं अंतर नेहमी राहिलेलं, पण त्या दिवशी मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दारात मामा येऊन उभे राहिले होते, किती वेळ कोण जाणे. ते आत आले, नानांसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "दाजी, ताई माले फोनवर काय सांगे माहीत शे? म्हने, यास्नं डोकं तापेल ऱ्हास तवलोंग माले काळजी नही. भांडनं बंद व्हयनं की डॉक्टरले बलावजो."

नाना रडता रडता हसले. मग पुन्हा रडले.

सगळे पाहुणे गेल्यावर देवांचा प्रश्न आला. नातेवाइकांचं म्हणणं होतं, नाना इतके महिने पूजा करत होते, तर आता करतीलच. काहींना वाटत होतं की बायको गेल्यावर म्हातारा देवाला लागणार. नानांनी आठवडाभर विचार केला आणि मामांना बोलावून घेतलं. "तिच्याकरता करत होतो," ते म्हणाले. "ती बघत होती. आता मी केली तर ते नाटक होईल, आणि तिच्या देवांसमोर नाटक मला करायचं नाही. उपाशीही ठेवायचे नाहीत. तू घेऊन जा."

मामांना वाईट वाटलं, ते लपलं नाही. त्यांनी एकदा विचारून पाहिलं, "ऱ्हाऊ द्या ना, दाजी." नानांनी नकारार्थी मान हलवली. मग मामांनी वाद घातला नाही. नानांनी स्वतः एकेक देव पुसून नव्या कापडात ठेवला आणि मामांनी ते गाठोडं मांडीवर घेतलं, लहान मूल घ्यावं तसं. गाडी निघाली तेव्हा नाना फाटकापर्यंत गेले.

मला वाटलं होतं, हे इथेच थांबेल. पण पुढच्या गुरुवारी नाना सकाळी तयार होऊन बसले. "मेहुण्याकडे जाऊन येतो," म्हणाले. मग दर गुरुवारी. मामी सांगतात, मामा पूजा करतात तेव्हा नाना ओसरीवर पेपर वाचत बसतात, हात जोडत नाहीत, पण आरती संपेपर्यंत पानही उलटत नाहीत. मग दोघं केळीच्या बागेत जातात. ठिबकच्या नळ्या बघतात. नाना मामांना ताऱ्यांचं सांगतात. मामा ऐकतात आणि मध्येच "देवाची लीला" म्हणतात, आणि लांबवरून दोघांचा चढा आवाज ऐकू येतो.

परवा सुट्टी होती म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. दुपारी परतायची वेळ झाली तर नाना म्हणाले, आज राहतो, घड कापायचे आहेत, याला एकट्याला जमणार नाही. त्या वयात ते घड कापणार नव्हते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मामींनी माझ्या पिशवीत केळी घातली, वरून कोथिंबिरीची जुडी. मी नानांना संध्याकाळच्या गोळ्यांची आठवण केली. त्यांनी खिसा दाखवला.

"आणि काय गं," मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "'माहीत नाही' असं वर्गात म्हटलं की पोरं हसतात का तुला?"

"पहिल्यांदा हसतात," मी म्हणाले. "मग प्रश्न विचारतात."

ते मान हलवत मामांच्या मागे बागेकडे गेले. मी फाट्यावर येऊन शहाद्याच्या बसची वाट बघत उभी राहिले.